सुतळी आधी, माइक नंतर

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत घरगुती स्टुडिओवरचा लेख वाचला. ड्रमसेटला आठ माइक हवेत आणि खोलीचा आवाज पकडायला कोपऱ्यांत आणखी दोन, हे वाचून आमच्याकडचा एखादा पोरगा गणपतीच्या तोंडावर कर्ज काढील, म्हणून लिहितोय.

कुडाळात माझी खोली दहा बाय नऊ. जांभ्याच्या भिंती, साडेसात फुटांवर स्लॅब, चहूकडे काथ्याच्या गाद्या. टाळी वाजवली तर हातातच विझते. ज्या खोलीला स्वतःचा आवाजच नाही, तिथे लांबचा माइक पकडणार काय? मीही पहिल्या वर्षी दाराजवळ एक लावला होता. जाखडीच्या गाण्याचं काम होतं. ड्रमरने हेडफोन कानाला लावला आणि म्हणाला, "ह्यो ड्रम आसा काय खोको?"

आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. स्नेअरचा, म्हणजे ड्रमरच्या समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमचा, ठोका दोन माइकांत एवढ्या फरकाने पोचला आणि दोन्ही सारखेच मिसळले, की 500 हर्ट्झच्या आसपास ते आवाज एकमेकांना खातात. स्नेअरचं अंगच जातं.

आता वर दोन कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे नाजूक माइक), किकला म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला एक डायनॅमिक (दणकट माइक), बस्स. पहिला कंडेन्सर स्नेअरच्या डोक्यावर ड्रमच्या दोन काठ्यांच्या लांबीवर, म्हणजे 32 इंचांवर. मग सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर, दुसरं किकच्या पॅडलपाशी चिकटवायचं. सुतळी त्या माइकपर्यंत ताणायची, तिथे चिमटीत धरायची आणि चिमूट न सोडता ड्रमरच्या उजव्या खांद्यावर न्यायची. दोन्ही पदर जिथे ताठ होतात, तिथे दुसरा माइक. दोन्ही माइक स्नेअरपासून सारखे लांब आणि किकपासूनही सारखे लांब, म्हणून ऐकताना स्नेअर आणि किक दोन्ही मधोमध येतात.

ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांनी 1968 मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत लेड झेपेलिन या रॉक बँडचे ड्रम मोजक्याच माइकांनी घेतले, पण ती जागा ऐसपैस. त्यांच्या पद्धतीत वरचा माइक साधारण 40 इंचांवर असतो. माझ्याकडे तेवढा चढवला तर स्लॅब दोन फुटांवर येतो, म्हणून मी खाली राहतो आणि वर छताला गादी बांधतो. इंचभर फोमच्या नादी लागू नका. त्याने झांजेची धार जाते, किकची घुमघुम कोपऱ्यात तशीच राहते. मोकळ्या जागेचा भास मागाहून रिव्हर्बने (कृत्रिम घुमाऱ्याने) देता येतो.

आणि हो, पावसाळ्यात कंडेन्सर काम झालं की सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. माझा एक आषाढात भजन चालू असताना तडतडायला लागला. बुवांना वाटलं, बाहेर कोणी फटाके लावतंय.

एक रेकॉर्डिस्ट, कुडाळ (सिंधुदुर्ग)