चिखलाची शर्यत : आईच्या काळज्या आणि बाबांची कामं

ती. आई आणि बाबा,
सा. न.

दादाने फोनवर ‘चिखलातली शर्यत’ एवढंच सांगितलं आणि आईने पुढचं सगळं मनाने रचलं, म्हणून सविस्तर लिहिते.

खारघरला डोंगराच्या पायथ्याशी रविवारी सकाळी पाच किलोमीटरची कौटुंबिक फेरी आहे. वाटेत पंधरा अडथळे आहेत : लाकडी भिंती, दोरांचं जाळं, काटेरी तारेखालून सरपटणं, लोंबकळत जायच्या दांड्या, चढायचा दोर आणि चिखलाचे दोन मोठे खड्डे. दादा, वहिनी, छोटी ओवी आणि मी, चौघं बरोबर जाणार आणि वेग ओवीचा धरणार. या फेरीत नंबर काढत नाहीत. कुठलाही अडथळा बाजूने चालत ओलांडायची मुभा आहे. बाबा, हे खूळ कुणाचं म्हणून तुम्ही विचारणारच. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या एका शेतावर १९८७ साली ‘टफ गाय’ नावाची अशी शर्यत सुरू झाली; अमेरिकेतल्या टफ मडर आणि स्पार्टन या शर्यती २०१० च्या.

आई, तुला चिखलाची भीती वाटते, पण दुखापती जास्त करून उड्यांमुळे होतात. भिंतीवर चढलेला माणूस वरून थेट उडी टाकतो, खाली बुळबुळीत जमीन असते आणि घोटा मुरगळतो. उतरताना तोंड भिंतीकडे करायचं, दोन्ही हातांनी लोंबकळायचं आणि मग हात सोडायचे. आठ फुटी भिंतीवरसुद्धा तेव्हा पाय जमिनीपासून फूट-दीड फुटावर असतात. चढण्याचा क्रम ठरवलेला आहे. वहिनी हलकी, ती आधी वर जाऊन भिंतीवर घोड्यासारखी बसेल. मग ओवी, मग मी, शेवटी उंच दादा. खालचा माणूस पाठ भिंतीला टेकवून गुडघ्यात वाकतो आणि चढणारा त्याच्या मांडीवर कमरेजवळ पाय देतो. गुडघ्यावर पाय दिला तर सांधा दुखावतो. ओवीला वरून हात धरून ओढायचं नाही, खालून उचलून द्यायचं. मोठ्यांना वर घेताना मनगटाला मनगट धरायचं, ओली बोटं निसटतात.

जाळ्यावर हातांनी उभे दोर धरायचे, पाय आडव्या दोरावर गाठीजवळ. कडेने चढावं, मधोमध जाळं फार झुलतं. लोंबकळायच्या दांड्यांवर अंगठा दांडीखालून वळवून घ्यायचा आणि कोपर थोडं वाकलेलं ठेवायचं. हातमोजे तिथे अजिबात नकोत. ओले झाले की साबणापेक्षा निसरडे.

दोराबद्दल बाबांना गंमत वाटेल. आपल्या दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर धरतात. इथे पायात बूट असल्याने ते जमत नाही. दोर एका बुटाच्या बाहेरच्या बाजूने तळव्याखालून घ्यायचा आणि दुसऱ्या बुटाने वरून दाबायचा. मग सगळं वजन पायांवर येतं आणि हातांना विसावा मिळतो. नुसत्या हातांच्या जोरावर जाणारे अर्ध्यात थांबतात आणि घसरत खाली येताना तळहात सोलून घेतात.

चिखलाच्या खड्ड्यात पाय सरळ वर ओढला की बूट आतच राहतो, कारण तळव्याखाली पोकळी होऊन चिखल खेचून धरतो. आधी टाच डावी-उजवी हलवून पाणी आत येऊ द्यायचं, मग चवडा खाली झुकवून पाय मागच्या बाजूने काढायचा. दोघांमध्ये दोन हात अंतर ठेवायचं. सूर मारायचा नाही, हे ओवीला तुम्हीही बजावा. तळाशी दगड आहे की गाळ, वरून दिसत नाही.

आता दागिन्यांचं. आई, यावर मी ऐकणार नाही. वहिनीचं मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी आणि दादाची अंगठी घरीच राहतील. अंगठी खिळ्यात किंवा दोरात अडकून अंगाचं वजन तिच्यावर आलं तर बोटाची कातडी सोलून निघते. असे अपघात खरोखर होतात. जोडव्यांनी ओल्या बुटात फोड येतात. केसांची खाली वेणी घालून ती कपड्याच्या आत खोचायची, अंबाडा काटेरी तारेत अडकतो. माझा चष्मा दोरीने बांधलेला असेल. डोळ्यात लेन्स घालून चिखलात जायचं नाही. सुती टी-शर्ट आणि जीन्स पाणी पिऊन जड होतात, म्हणून पॉलिस्टरचे कपडे आणि पूर्ण लांब लेगिंग, म्हणजे सरपटताना गुडघे खरचटत नाहीत. बूट आधी वापरून पायात बसलेले, तळव्याला खोल खाचा असलेले. झिजलेल्या तळव्याचे जुने बूट इथे कामाचे नाहीत.

लेप्टोच्या, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या भीतीबद्दल मात्र तुझं बरोबर आहे. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मुतातून ते जंतू पावसाच्या पाण्यात येतात आणि जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांतून शरीरात शिरतात. म्हणून अंगावर ताजी जखम असेल तो शर्यतीत उतरणार नाही, मग तो दादा असला तरी. लेप्टो होऊ नये म्हणून देतात त्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळीबद्दल आमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवतो, मनाने गोळी घेणार नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ती सहसा देत नाहीत. ओवी अकरा वर्षांची आहे, तिचं काय ते डॉक्टर ठरवतील. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांचं झालेलं आहे ना, हेही बघते. पुढच्या महिनाभरात कुणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना ‘चिखलात उतरलो होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

बाबा, तुम्हाला शर्यतीत घेणार नाही. गुडघा हे एक कारण, दुसरं तुमची रक्तदाबाची गोळी. तिने लघवी जास्त होते आणि पावसाळी दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे पाऊस पडत असतानाही शरीर तापतं आणि अंगातलं पाणी कमी होतं. तुम्ही शेवटच्या रेषेपाशी थांबा, तिथे खरं काम आहे.

येताना गाडीने, ठाणे-बेलापूर रोडने या. ट्रान्स-हार्बर लोकलच्या मार्गावर मेगाब्लॉक असला तर परतताना अडकाल, आणि चिखलात माखलेल्या चौघांना लोकलमध्ये कोण उभं करेल? सीटवर घालायला जाड प्लॅस्टिक आणि त्यावर जुन्या चादरी. माणशी पाच लिटर पाणी कॅनमध्ये, साबण, टॉवेल, स्लिपर, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या. कपडे बदलताना वरून घालायला आईचे दोन जुने गाऊन. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात टाका. पेलाभर पाण्यात कालवलं तर ते अति खारट होतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. खायला केळी आणि दडपे पोहे, बटाटेवडे नंतर घरी.

धुण्याबद्दल आईला आधीच सांगते. कपडे थेट मशीनमध्ये टाकू नकोस, गाळाने नळी चोंदते. हातात रबरी मोजे घालून बादलीत खळबळव, गाळ तळाशी बसला की वरचं पाणी ओत. तो गाळ न्हाणीच्या जाळीत नको आणि तुळशीच्या कुंडीतही नको, पिशवीत भरून कचऱ्यात टाक. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेव आणि दोन-तीन तासांनी बोळे बदल. कडक उन्हात वाळवले तर डिंक सुटून तळवा उघडतो.

आमची फेरी सकाळी साडेसातला सुटते. चौघं मिळून दीड-पावणेदोन तास लागतील, म्हणजे तुम्ही साडेआठला पोचलात तरी पुरे. बाबा, तुमची रक्तदाबाची गोळी आणि नाश्ता घरूनच आटोपून या.

तुमची,
मनू