हॉटेलात बरोबरी, फॉर्मवर जुन्याच अटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात’ अशा सुराची पत्रं हल्ली आपल्या सदरात वरचेवर दिसतात. निवृत्तीनंतर मी एका वधू-वर सूचक मंडळात नावनोंदणीचं काम बघतो. टेबलाच्या या बाजूने चित्र जरा वेगळं दिसतं.

आमच्याकडे येणारी बरीच मुलं-मुली आधी डेटिंग अ‍ॅपवर हिंडून आलेली असतात. आईवडील पार्किंगमध्ये गाडी लावत असले, की मोकळेपणी बोलतात. तिथे कॉफीचं बिल टीटीएमएम, तुझं तू माझं मी. पहिला मेसेज कुणी करायचा यावरून कुणी रुसत नाही. ‘बम्बल’ या डेटिंग अ‍ॅपने तर २०१४ मध्ये सुरुवात करतानाच स्त्री-पुरुषांच्या जोडीत पहिला मेसेज बाईचाच, असा नियम केला होता, २०२४ मध्ये तो सैल केला. असो. इथवर बरोबरीच असते. मात्र तोच मुलगा आमच्या फॉर्मवर अपेक्षांच्या रकान्यात लिहितो : ‘नोकरी करणारी चालेल, घर सांभाळून.’

घर सांभाळणं म्हणजे किती, याचा सरकारी आकडा आहे. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ८८. ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच. न लावणारे पुरुष यात धरलेलेच नाहीत!

मग मुलगी पगार, फ्लॅट, सासू-सासरे कुठे राहतात हे विचारते, तर तिला लोभी का म्हणायचं? गाव सोडायचं तिने, बदली मागायची तिने, मूल झालं की बिनपगारी रजा काढायची तिने. एवढं सोडून जाणारी माणसं चौकशी करणारच.

मुलींचंही एक मला पटत नाही. स्वतःला बारा लाखांचं पॅकेज असताना आठ लाखवाल्याचा बायोडेटा उघडायचाच नाही, हा कुठला न्याय? पण एखादी तयार झाली तर मुलाची आईच फोन करून कळवते, ‘जास्त कमावणारी नको, ती ऐकायची नाही.’ कमी पगाराचा जावई वडिलांनाही नको असतोच.

लग्नाला मुलगी मिळत नाही, ही शेतकरी मुलांची व्यथा मात्र खरी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, तेव्हा बातमी वाचून लोक हसले. मला हसू आलं नाही. २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ९१३ मुली होत्या. ती मुलं आज लग्नाला आली आहेत. २०११ मध्ये हाच आकडा ८९४ वर आला, बीडमध्ये तर ८०७ वर. गर्भलिंगनिदान रोखणारा केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि त्यानंतरची ही आकडेवारी. ज्यांनी मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत त्यांना कुणी जाब विचारत नाही. राग निघतो तो जगल्या-वाचलेल्या, शिकलेल्या मुलींवर. शेतकऱ्याची मुलगीच शेतकरी नवरा नको म्हणते, कारण शेत आणि चूल दोन्ही ओढणारी आई तिने रोज पाहिलेली असते. तिचा बापही नोकरीवालाच जावई शोधतो, हे आमच्या रजिस्टरमध्ये कुणीही येऊन पाहावं.

आपल्याला एक विनंती. आपल्या रविवारच्या ‘वधू पाहिजे’ जाहिरातींत ‘गृहकृत्यदक्ष’ अजून छापून येतं. तो शब्द काढू नका, फक्त ‘वर पाहिजे’मध्येही छापायला सुरुवात करा. आम्ही आमच्या फॉर्मवर मुलांसाठी ‘स्वयंपाक येतो का?’ हा रकाना वाढवला आहे. बहुतेक जण तो कोराच सोडतात, आणि मी फॉर्म परत करतो.

कळावे.

आपला,
एक वाचक, सातारा