मुलीचे जन्मवजन तिच्या बाळंतपणापर्यंत विसरू नये

महोदय,

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जन्मले की आपली सारी धडपड ते जगावे म्हणून असते आणि ते योग्यच आहे. मात्र बाळ सावरले, लसी वेळेवर झाल्या, की तो आकडा माता-बाल संरक्षण कार्डाबरोबर घरातल्या पेटीत जातो व पुन्हा कोणी पाहत नाही. मुलीच्या बाबतीत हे विशेष नुकसानकारक आहे, असे ग्रामीण आरोग्यसेवेतल्या दीर्घ नोकरीनंतर मला ठामपणे वाटते.

जन्मवजनाचा परिणाम बालपणापुरता नसतो, हे इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यातील सुईणींनी १९११ पासून ठेवलेल्या नोंदींच्या आधारे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये दाखवले. जन्मतः आणि वर्षाच्या वयाला वजनाने कमी असलेल्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवतींचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. पण आपल्या बाळांत स्नायू कमी असले, तरी चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना ऐन उमेदीत मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे सापडतो.

मुलीची सर्व स्त्रीबीजे ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात, म्हणजे नातवंडाच्या बीजाचा आरंभ आजीच्या गरोदरपणात झालेला असतो. कमी वजनाची जन्मलेली मुलगी पुढेही अर्धपोटी वाढली, तर तिची उंची खुंटते आणि तिचे बाळही लहान जन्मण्याची शक्यता वाढते. तीच मुलगी नंतर शहरात येऊन वजनाने वाढली, तर गरोदरपणात तिची साखर वाढू शकते आणि त्या जादा साखरेत वाढलेल्या बाळालाही पुढे मधुमेहाचा धोका राहतो. एका घरात उपासमार आणि दुसऱ्या घरात सुबत्ता असली, तरी दोन्हीकडे दोष आजीच्या ताटापासून चालत आलेला असतो. अर्थात हे विधिलिखित नव्हे. म्हणूनच लिहिण्याची गरज वाटते.

पुण्याच्या अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती, तर पाणी आणणे, शेतातली कामे असे कष्ट जास्त करणाऱ्यांची लहान. सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी पण फोलेट (गोळीतले फॉलिक ॲसिड हे त्याचेच एक रूप) जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनचा प्रभाव मंदावलेला दिसला. शाळेत किशोरींना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत मात्र लोह आणि फॉलिक ॲसिडच असते. आपल्याकडे गरोदरपणाची नोंदणी तिसऱ्या महिन्याच्या आसपास होते, तोवर बाळाचे अवयव घडत आलेले असतात. त्यातच ‘कमी खाल्ले की बाळ लहान राहते, बाळंतपण सोपे जाते’ हा समज अजून अनेक घरांत आहे. आणि बाळ बारीक झाले, की ‘सून नीट खातच नाही’ हा ठपकाही तिच्यावरच येतो. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले ती खाते, हे कोणी पाहत नाही.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे, की गर्भवतीच्या कार्डावर तिच्या स्वतःच्या जन्मवजनाचा रकाना ठेवावा, कमी वजनाच्या जन्मलेल्या मुलींची यादी अंगणवाडीकडून शाळेकडे जावी, त्यांची उंची, वजन व हिमोग्लोबिन विवाहापर्यंत नियमित तपासले जावे आणि किशोरींच्या पूरक गोळ्यांत बी-१२ घालण्याचा विचार तज्ज्ञांसह व्हावा. पहिल्या दोन गोष्टींना तर कागदापलीकडे फारसा खर्चही नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, पुणे जिल्हा