सुट्टे, परतीचे आणि बदलून घेतलेले

प्रिय अनू,

खरेदीच्या शब्दांची तुझी वही मिळाली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्पॅनिश, मधे पट्टीने मारलेली रेघ. किती मन लावून लिहिलंयस गं! पण एका शब्दासमोर एकच शब्द, हे मात्र मला पटलं नाही.

'चेंज'समोर तू 'काम्बियो' लिहिलंयस. चूक मुळीच नाही. पण आपण दोघी गल्ल्यापाशी उभ्या आहोत असं समज. नोट मोठी आहे आणि समोरचा विचारतो, सुट्टे आहेत का? या सुट्ट्यांना स्पेनमध्ये 'स्वेल्तो' म्हणतात, आणि स्वेल्तो म्हणजे मुळात सुटा, मोकळा. अगदी आपल्यासारखाच! हे लक्षात आलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना. मग नोट दिल्यावर उरलेले पैसे हातात येतात, ती तिथली 'ब्वेल्ता'. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'ब्वेल्तो'. त्यातही परत येण्याचाच अर्थ आहे. काम्बियो या दोन्ही ठिकाणी चालतो, पण शर्ट घट्ट झाला म्हणून बदलून घ्यायचा तर 'काम्बियार' हे क्रियापद हवं. म्हणून म्हणते, इंग्रजी शब्द दिसला की आधी मनात मराठीत बोलून बघ. सुट्टे, परत की बदलून, ते तिथेच कळतं.

'सेल'चंही तसंच. विकायला काढलेली वस्तू 'एन बेन्ता', आणि भाव उतरवलेली 'रेबाखादो'. आपण 'सेल लागलाय' म्हणतो तो फक्त दुसरा.

'साइझ'ला तू सगळीकडे 'तामान्यो' लावलास. तो खोक्याला ठीक आहे. कपड्याला 'ताया' म्हणतात, बुटाला 'नूमेरो'.

वाक्यांची पानं मात्र इंग्रजीवरून करूच नकोस. 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडतं. इंग्रजीत आवडून घेणारी 'मी' कर्ता असते. स्पॅनिशमध्ये, मराठीसारखीच, आवडलेली वस्तू कर्ता. म्हणून एक शर्ट असेल तर 'गुस्ता', बूट दोन असतील तर 'गुस्तान': मला आवडतो, मला आवडतात. 'मे केदा ग्रान्दे' म्हणजे मला मोठा होतो. बघ, फक्त क्रियापद मधे येतं, बाकी रचना आपलीच.

पावतीच्या ओळीवर मी लाल खूण केली आहे. 'रिसीट'सारखा वाटतो म्हणून तू 'रेसेता' लिहिलास. मीही एका परीक्षेत हेच लिहून आले होते आणि घरी येऊन फार वाईट वाटलं होतं. रेसेता म्हणजे पाककृती, नाहीतर डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी. पावती म्हणजे 'रेसीबो'. दुकानातल्या छापील पावतीला स्पेनमध्ये 'तीकेत', चिलीत 'बोलेता'. इंग्रजी 'लार्ज'सारखा वाटणारा 'लार्गो'ही तपास, त्याचा अर्थ लांब आहे, मोठा नव्हे.

'कार्तेरा'पुढे देशाचं नाव लिहायला विसरू नकोस. स्पेनमध्ये ते पैशांचं पाकीट, अर्जेंटिनात बायकांची पर्स.

वही परत पाठवते आहे. मधल्या रेघेच्या जागी आता एक मराठीचा रकाना आख आणि कपड्यांची पानं आधी कर. ती वाचायची मला घाई आहे.

तुझीच,
मीरा