पारा उणे ४६ ला जातच नाही हो!

संपादक साहेब, नमस्कार.

मी मूळची निफाडची, सध्या कॅनडात विनिपेगला. मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात 'कॅनडात पारा उणे ४६ वर' छापून आलं आणि तिकडे आईने चहा पिता पिता ते वाचलं, लगेच इकडे रात्री ८ ला फोन, अगं घराबाहेर पडू नको, खड्ड्यात गेली ती नोकरी.

आता पहिली गोष्ट म्हणजे पारा उणे ३९ ला स्वतःच गोठतो, तो ४६ पर्यंत घसरणार कसा? त्या दिवशी इथे तापमान उणे ३० होतं आणि वारा ताशी ३० किमी, त्या दोन्हींचा हिशोब करून जो आकडा येतो तो विंड चिल, तो उणे ४६. वारा अंगालगतचा उबदार हवेचा थर उडवून नेतो म्हणून उघड्या कातडीला तेवढं झोंबतं, बाकी बाहेर ठेवलेली पाण्याची बाटली कितीही वारा सुटला तरी उणे ३० च्या खाली जात नाही. म्हणून तर इथले हवामानवाले विंड चिलपुढे अंश पण लिहीत नाहीत.

अर्थात उणे ३० म्हणजे काही गंमत नाही. नाकातले केस पहिल्याच श्वासाला कडक होतात. गाडीच्या तोंडातून प्लगची वायर लोंबत असते, रात्री ती सॉकेटला लावायची म्हणजे इंजिन गरम राहतं, आणि एवढं करून सकाळी निघालं तर टायर रात्रभर एका जागी बसून खाली चपटे झालेले, पहिला किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी धडधडत जाते. रस्त्यावर मीठ टाकून पण बर्फ वितळत नाही एवढ्या थंडीत, मग वाळू टाकतात. पण ऑफिसं, शाळा चालू असतात, घरात २१ डिग्री, मी टीशर्टवर असते! निफाडला पारा ५ वर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात आणि घरात आपण गोधडीत कुडकुडत बसतो, खरं सांगायचं तर घरातली थंडी मला तिकडेच जास्त वाजली.

तेव्हा एवढंच करा, खरं तापमान आणि विंड चिल दोन्ही आकडे वेगवेगळे छापा. आई माझं ऐकत नाही, तुमच्या पेपरात आलं तरच तिला खरं वाटतं.

- एक वाचक, विनिपेग