गुडघेदुखीत व्यायामाचा कागद बाजूला ठेवू नका

महोदय,

गुडघ्याच्या संधिवातासाठी फिजिओथेरपी सुरू झाली की अनेक रुग्ण यंत्राचा शेक नेमाने घेतात, पण व्यायामाचा कागद घरी तसाच पडून राहतो. शेकाने दुखणे थोडा वेळ हलके होते, एवढेच. सांध्याला आधार देतो तो मांडीचा पुढचा स्नायू, आणि दुखते म्हणून बसून राहिले की नेमका तोच रोडावतो. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. दाब येतो-जातो तेव्हा सांध्यातल्या वंगणातून तिचे पोषण होते. त्यामुळे झिजेच्या संधिवातात ‘चालूच नका’ हा सल्ला आम्हाला मुळीच पटत नाही.

सुरुवात सोपी आहे. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवावी आणि ती खाली दाबत मांडी आवळावी. पाच सेकंद धरून सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून दोनदा. श्वास रोखू नये, रक्तदाब वाढतो. पुढे उताणे झोपून एक गुडघा दुमडावा आणि दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. इथे हमखास चूक होते: पाय उचलताना गुडघा किंचित वाकतो आणि सगळे काम जांघेतला स्नायू करतो. आधी मांडी आवळावी, मगच टाच उचलावी. हे जमले की उंच खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे. बसताना धपकन टेकू नये, गुडघे आत वळू देऊ नयेत.

व्यायाम करताना थोडे दुखणारच. दुसऱ्या दिवसापर्यंत ते पूर्ववत झाले तर चिंता नको. वाढलेलेच राहिले तर संख्या निम्मी करावी, व्यायाम सोडू नये. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि बहुतेक जण तिसऱ्याच आठवड्यात कंटाळतात, याचे फार वाईट वाटते.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपण्याने बरे वाटते, पण रोज तसे केल्यास गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो.

सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक टिकत असेल, बोटांचे सांधेही सुजत असतील, तर आमवाताची, म्हणजे झिजेमुळे नव्हे तर शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे होणाऱ्या संधिवाताची, शक्यता असते. तिथे औषधे आधी, व्यायाम जोडीला. आणि एखादा सांधा अचानक सुजून लाल, गरम झाला, सोबत ताप असला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

– दोन फिजिओथेरपिस्ट