1973 सालच्या तीन अल्बमविषयी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा परीक्षणाचा मसुदा पोहोचला. मसुदा दोनदा वाचला आणि त्यातील तिन्ही अल्बम पुन्हा आरंभापासून शेवटापर्यंत ऐकले, म्हणून उत्तराला आठवडा लागला. किंग क्रिमझन या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाचा 'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक', माइक ओल्डफील्डचा 'ट्युब्युलर बेल्स' आणि त्याच वाद्यवृंदाचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप व संगीतकार ब्रायन इनो यांचा 'नो पुसीफुटिंग' हे तिन्ही 1973 सालचे. त्यांना एकत्र घेण्याची तुझी कल्पना मला मनापासून आवडली. पण तू मत विचारलेस म्हणून स्पष्ट लिहितो. तुझ्या परीक्षणात विशेषणे पुष्कळ आहेत आणि घटना फार थोड्या. 'गूढ', 'अथांग', 'ध्यानमग्न' हे शब्द वाचून तुला काय वाटले ते कळते, पण तबकडीच्या एका बाजूच्या त्या वीस-पंचवीस मिनिटांत काय घडले ते कळत नाही. गाण्याचे शब्द नसलेल्या एवढ्या लांब संगीताच्या परीक्षणाकडून मला सर्वांत आधी त्या वेळेचा हिशेब हवा असतो: आधी काय आले, त्यावर काय चढले, कोठे रंग भरला आणि कोठे कंटाळा आला.

ओल्डफील्डपासून सुरुवात करतो. त्याच्या आरंभीच्या पियानोच्या आकृतीला, म्हणजे सारख्या परतणाऱ्या छोट्या स्वरावलीला, तू 'भयावह' म्हणतोस. ते भय डिसेंबर 1973 मध्ये आलेल्या 'द एक्झॉर्सिस्ट' या चित्रपटाने तिला चिकटवले आहे; अल्बम त्याआधी मे महिन्यातच निघाला होता. आकृती 15 मात्रांची आहे हे तू अचूक मोजलेस, पण लगेच तिला आपल्याकडच्या पंचम सवारी या 15 मात्रांच्या तालाशी जोडलेस, ते मला पटले नाही. पंचम सवारीला खाली-भरी आहे, ठेका आहे, समेवर येण्याची ओढ आहे. इथे सात आणि आठ असे दोन तुकडे एकामागून एक फिरत राहतात, दुसरा तुकडा एका मात्रेने लांबतो आणि त्यामुळे कानाला प्रत्येक वेळी पायरी चुकल्यासारखे होते. सारी मौज त्या चुकलेल्या पायरीत आहे, आणि तालाचे नाव दिले की नेमकी तीच झाकली जाते.

एकोणीस वर्षांच्या मुलाने ऑक्सफर्डशायरमधील मॅनर स्टुडिओत बहुतेक सगळी वाद्ये स्वतः वाजवून, थरावर थर चढवत हे काम उभे केले, हे तू लिहिले आहेस. ते थर ऐकू कसे येतात तेही लिही. पहिल्या बाजूच्या शेवटी बास गिटारची एक ओळ फिरत राहते आणि व्हिव्हियन स्टॅनशॉल हा इंग्लिश गायक एकेका वाद्याचे नाव पुकारतो. नाव पुकारले की ते वाद्य येते, मागची स्वरावली उचलते, आणि शेवटी अल्बमला नाव देणाऱ्या त्या नळीच्या घंटा वाजतात. त्याआधीचे काही सांधे मला कच्चे वाटतात, एक कल्पना संपून दुसरी नुसतीच शेजारी आणून ठेवल्यासारखे वाटते; पण हा शेवट ऐकताना आजही अंगावर काटा येतो. दुसऱ्या बाजूची तू फार स्तुती केली आहेस. माझ्या मते ती विस्कळीत आहे.

'नो पुसीफुटिंग'विषयी मात्र तू फारच थोडके लिहिलेस, आणि त्याचीच मला हळहळ वाटते. त्याची पहिली बाजू सप्टेंबर 1972 मध्ये लंडनला इनोच्या घरी ध्वनिमुद्रित झाली. दोन टेपरेकॉर्डर शेजारीशेजारी ठेवलेले. फीत पहिल्यावरून निघून दुसऱ्यावर जाते. फ्रिपने गिटारवर लावलेला स्वर पहिल्या यंत्रावर मुद्रित होतो, काही सेकंदांनी दुसऱ्या यंत्रावर ऐकू येतो, आणि तो तेथून परत पहिल्याकडे पाठवून नव्या स्वरासोबत पुन्हा मुद्रित केला जातो. प्रत्येक फेरीत जुना स्वर थोडा फिका पडतो. वादक एकच, पण काही मिनिटांत त्याच्या मागे त्याच्याच स्वरांचा दाट थर साचतो. तू तानपुऱ्याची उपमा दिली आहेस. ती ठेवायची तर एक फरक सांगून ठेव. तानपुरा गवयाच्या आधी सुरू होतो आणि त्याच्यावर अवलंबून नसतो. येथे आधार गिटारवादकाच्या स्वतःच्या वाजवण्यातूनच तयार होतो, म्हणून एक नको असलेला स्वर लागला तर तो पुढे कितीतरी वेळ मागे घुमत राहणार. फ्रिप इतका जपून, इतके लांब स्वर का धरतो, हे यावरून उमगते.

या दोन अल्बममागे टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराची छाया आहे, हे तू बरोबर हेरलेस. ओल्डफील्डची फिरती आकृती आणि इनोची फिरती फीत या दोन्ही कल्पना त्याच्या कामाशी जोडलेल्या आहेत. पण रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला म्हणून हे सारे किराण्याच्या आलापीतून आले, हे तुझे विधान कृपा करून काढून टाक. त्याचे फितीचे प्रयोग 1960 च्या दशकातले आहेत आणि तो प्राणनाथांकडे शिकू लागला 1970 मध्ये. मिरजेला किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या समाधीपाशी आपण दोघे किती वेळ बसलो होतो ते मला आठवते, आणि हा धागा खरा असता तर मलाही आनंदच झाला असता. पण तारखा उलट सांगतात.

किंग क्रिमझनवरचा तुझा परिच्छेद सर्वांत चांगला आहे. येस हा यशस्वी वाद्यवृंद सोडून आलेला ड्रमवादक बिल ब्रुफर्ड, शेजारी पत्र्याचे तुकडे आणि घंटा घेऊन बसलेला जेमी म्यूर, आणि त्या दोघांच्या गदारोळात आपली जागा शोधणारे डेव्हिड क्रॉसचे व्हायोलिन हे चित्र तू नेमके उभे केलेस. फक्त 'द टॉकिंग ड्रम' या त्यातल्या शेवटून दुसऱ्या रचनेला तू 'जोडरचना' म्हणून एका ओळीत उरकलेस, तेथे थांब. ती जवळजवळ शांततेतून सुरू होते, दोऱ्या आवळून स्वर बदलणारा आफ्रिकी ढोल आणि बासची न बदलणारी ओळ येते, वर व्हायोलिन आणि गिटार आळीपाळीने चढत जातात, साडेसात मिनिटांच्या आसपास सगळे असह्य कर्कश होते आणि क्षणाचीही उसंत न देता शेवटची रचना अंगावर आदळते. आरंभ इतका हळू आहे की ऐकणारा आवाज वाढवतोच, आणि तो वाढवलेला आवाज शेवटी त्याला झेलावा लागतो.

एवढी सात मिनिटे रात्री घर शांत झाल्यावर, हेडफोन लावून, घड्याळ समोर ठेवून ऐक आणि कोणत्या मिनिटाला काय आले ते कागदावर टिपून काढ. तो कागद मसुद्यासोबत पाठव. मीही माझा करून ठेवतो, म्हणजे दोघांच्या नोंदी जुळवून पाहता येतील.

तुझा,
जुना मित्र